कंट्रोलर चाकाच्या आत की बाहेर? हब मोटरची सव्वाशे वर्षांची गोष्ट

आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण ज्यांना ई-सायकल घ्यायची आहे किंवा घरातल्या जुन्या सायकलला किट बसवायचं आहे त्यांनी शेवटपर्यंत थांबा. बोललेलं होतं ते थोडं आवरून इथे लिहिलंय.

३१ डिसेंबर १८९५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कँटन नावाचं शहर आहे. तिथल्या ऑग्डेन बोल्टन ज्युनियर यांना त्या दिवशी पेटंट क्रमांक ५५२२७१ मिळालं. त्या पेटंटमधलं चित्र शोधून बघाच. सायकलच्या फ्रेमच्या आडव्या नळीखाली बॅटरी टांगलेली, मागच्या चाकाच्या बरोबर मधोमध मोटर, आणि मोटरला गिअर नाही. १० व्होल्टची बॅटरी आणि १०० अँपिअरपर्यंत करंट, म्हणजे कागदावर एक किलोवॅट. आज पुण्यातल्या शोरूममधली हब मोटरची सायकल बोल्टन यांना दाखवली असती तर त्यांनी ती एका नजरेत ओळखली असती.

पण मला त्या चित्रातली दुसरीच गोष्ट जास्त रंजक वाटते. आज आपण ज्याला 'इनबिल्ट कंट्रोलर' म्हणतो, तो एका अर्थाने बोल्टन यांच्या चाकात होताच.

कसा, ते सांगतो. मोटर फिरत राहायची तर कुठल्या कॉइलमध्ये कधी करंट सोडायचा हे सतत बदलत राहावं लागतं. चुंबक कॉइलच्या समोर आला की पुढची कॉइल चालू, मग त्याच्या पुढची. गाजर दाखवत बैलाला पुढे नेण्यासारखंच, गाजर दर क्षणाला थोडं पुढे सरकवायचं. जुन्या मोटरमध्ये हे काम कॉम्युटेटर आणि कार्बन ब्रश करायचे. तांब्याच्या पट्ट्यांचं एक कडं, त्यावर घासणारे कार्बनचे तुकडे. अक्कल अशी नाही, पण चाक फिरलं की कॉइल आपोआप बदलते. हे सगळं हबच्या आत, आणि बाहेर फक्त दोन तारा, प्लस आणि मायनस.

त्रास एवढाच की जे घासतं ते झिजतं. ब्रश झिजायचे, ठिणग्या उडायच्या, कार्बनची काळी भुकटी साचायची. मिक्सर चालू असताना त्याच्या खालच्या जाळीतून ठिणग्या दिसतात ना, तोच प्रकार. पुढे १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तरुण फर्डिनांड पोर्शे यांनी बनवलेली, चाकांतच मोटरी असलेली लोहनर कंपनीची गाडी लोकांनी पाहिली, कौतुक केलं. पण पेट्रोल इंजिनाने त्या शतकात बाकी सगळ्यांना बाजूला सारलं आणि हब मोटर बराच काळ कोपऱ्यात पडून राहिली.

ती परत यायला तीन गोष्टी लागल्या. पहिली, ब्रशशिवाय कॉइल बदलण्याची कल्पना. १९६२ साली विल्सन आणि ट्रिकी या दोन अमेरिकन अभियंत्यांनी कॉम्युटेटरचं काम इलेक्ट्रॉनिक्सकडे देणाऱ्या डीसी यंत्रावर निबंध मांडला. दुसरी, हे काम स्वस्तात करणारा स्विच, म्हणजे पॉवर मॉसफेट. तो १९७० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आला. तिसरी, निओडिमियम चुंबक. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये सुमितोमोत मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट, दोघांनी जवळपास एकाच वेळी तो शोधला. छोट्याशा चकतीत प्रचंड ओढ आली आणि मोटर चाकाच्या हबमध्ये मावू लागली.

ब्रश गेले, झीज गेली. पण ब्रश जे काम करत होते ते कुणीतरी करायलाच हवं. ते गेलं बाहेरच्या अॅल्युमिनियमच्या डबीत. ही डबी म्हणजे कंट्रोलर. आत सहा मॉसफेट (मोठ्या कंट्रोलरमध्ये बारा किंवा अठरा), एक छोटा प्रोसेसर आणि काही कपॅसिटर. आता मोटरकडे दोन नाही, आठ तारा जाऊ लागल्या: तीन जाड फेजच्या, पाच बारीक हॉल सेन्सरच्या. आणि या आठही तारा पोकळ अॅक्सलच्या चिंचोळ्या भोकातून जाणार. ज्याने कधी किट बसवलंय त्याला ठाऊक असेल, नट नीट आवळला नाही किंवा टॉर्क आर्म लावला नाही तर अॅक्सल जागच्या जागी फिरतो आणि सगळ्या तारा पिळून तुटतात. शिवाय सुट्टी मोटर आणि सुटा कंट्रोलर घेतला की रंग जुळतातच असं नाही. तीन फेज आणि तीन हॉल म्हणजे ३६ जोड्या. त्यातल्या तीनच चाक नीट पुढे फिरवतात, तीन नीट मागे, आणि बाकीच्यांत मोटर थरथरते, गुरगुरते किंवा गरम होते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ब्रूट फोर्सची सवय असते, पण हे करताना हातातली वायर गरम होते हो.

चीनमध्ये मात्र या बाहेरच्या डबीनेच इतिहास घडवला. १९९९ साली तिथे ई-सायकलचं राष्ट्रीय मानक आलं: वेग ताशी २० किलोमीटर, मोटर २४० वॅट, वजन ४० किलोपर्यंत. १९९८ मध्ये काही दहा हजारांत असलेली वार्षिक विक्री २००५ पर्यंत कोटीच्या घरात गेली. यातला बहुतेक माल म्हणजे मागच्या चाकात हब मोटर आणि सीटखाली किंवा पायाशी कंट्रोलरची डबी. ती डबी इतक्या कारखान्यांनी, इतक्या सारख्या पद्धतीने बनवली की ती जवळजवळ बल्बसारखी झाली. गेली, तर बदला. आज आपल्याकडच्या ई-रिक्षा दुरुस्तीच्या दुकानातही ३६ किंवा ४८ व्होल्टचा साधा कंट्रोलर हजार-दोन हजारांत मिळतो, आणि तो कोणत्या कंपनीच्या मोटरला लावताय असं कुणी विचारत नाही.

मग तो परत आत न्यायची हौस कुणाला आणि का आली? कारणं खोटी नव्हती. तारा कमी होतात, सायकल नीटस दिसते, कारखान्यातच मोटर-कंट्रोलरची जोडी जुळवलेली असते, ग्राहकाला ३६ जोड्यांच्या भानगडीत पडावं लागत नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या वेव्हक्रेस्ट कंपनीने टायडलफोर्स नावाची सायकल काढली: मागच्या हबमध्ये मोटर आणि कंट्रोलर, पुढच्या हबमध्ये चक्क बॅटरी! २०१० च्या सुमारास चीनमधल्या चांगझोऊच्या गोल्डन मोटर कंपनीची मॅजिक पाय ही मोटर हौशी लोकांत गाजली. मोठ्या व्यासाची, गिअर नसलेली मोटर, त्यामुळे स्टेटरच्या मधल्या पोकळीत कंट्रोलरला जागा मिळाली. आणि २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेच्या वेळी एमआयटीने कोपनहेगन व्हील दाखवलं. लाल तबकडीत मोटर, कंट्रोलर, बॅटरी, सेन्सर सगळं, वरून मोबाइल अॅप. कुठल्याही सायकलचं मागचं चाक काढा, हे लावा, झालं. ते बनवणाऱ्या सुपरपेडेस्ट्रियन कंपनीने नंतर भाड्याच्या स्कूटरचा धंदा धरला आणि २०२३ च्या अखेरीस गाशा गुंडाळला.

यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती कॅनडाच्या बायोनेक्सची गोष्ट. या लोकांनी काम खरोखर सुंदर केलं होतं. कंट्रोलर हबच्या आत, अॅक्सलवर ताण मोजणारा सेन्सर, त्यामुळे पायाने किती जोर लावताय त्या प्रमाणात मोटर मदत करायची. उतारावर बॅटरी थोडी चार्जही व्हायची. मोटर, बॅटरी आणि हँडलवरचा डिस्प्ले आपापसात बोलायचे, पण ती भाषा फक्त कंपनीची. २०१८ च्या सुरुवातीला कंपनी रिसीव्हरशिपमध्ये गेली आणि त्या भाषेत बोलणारं बाहेर कुणी उरलं नाही. बॅटरी म्हातारी झाली तर दुसऱ्या कंपनीची साधी बॅटरी जोडून भागेना, कारण मोटर तिला ओळखेना. लोखंड, तांबं, चुंबक सगळं ठणठणीत, आणि सायकल भिंतीला टेकलेली. मग काही हौशी लोकांनी हब उघडून आतला कंट्रोलर उपटून काढला, तीन फेजच्या तारा बाहेर घेतल्या आणि साधा बाहेरचा कंट्रोलर जोडला. मोटर पुन्हा फिरायला लागली.

असंच छोट्या प्रमाणात आपल्याकडेही होतं. माझ्या मावसभावाची ठाण्यातली सायकल, आतला कंट्रोलर गेला. ज्या कंपनीकडून घेतली तिने सांगितलं, कार्ड वेगळं मिळत नाही, पूर्ण चाक घ्या. चाकाची किंमत चौदा हजार, आणि कार्डावर जळालेला मॉसफेट लॅमिंग्टन रोडवर पन्नास-साठ रुपयांना मिळाला असता. पण कार्ड रेझिनमध्ये बुडवून बंद केलेलं होतं, सोल्डरिंग आयर्न टेकवायला जागाच नव्हती.

आता दुसरा मुद्दा, उष्णता. थोडा आकडेमोडीचा खेळ करू. सायकल आणि स्वार मिळून १०० किलो, सिंहगडासारखा चढ, सरासरी ८ टक्के समजा, आणि वेग ताशी १२ किलोमीटर. पाय अजिबात मारले नाहीत तर नुसतं वर चढायलाच सुमारे २६० वॅट लागतात. हब मोटरला गिअर बदलता येत नाहीत, त्यामुळे कमी वेगात तिची कार्यक्षमता घसरते. ती ६५ टक्के धरली तर १४० वॅट नुसती उष्णता. म्हणजे जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब आणि वर आणखी एक ४० चा, दोन्ही बंद डब्यात पेटवून अर्धा-पाऊण तास ठेवायचे. ही उष्णता स्टेटरमध्ये जन्मते, आणि स्टेटर व बाहेरचं कवच यांच्यात हवेची फट असते, म्हणून ती लवकर बाहेर पडत नाही. तांब्याच्या वाइंडिंगचं इनॅमल १५० अंश सहन करतं. कपॅसिटर मात्र बहुतेक १०५ अंशांचे, आणि साधारण नियम असा की दर १० अंश वाढीला त्यांचं आयुष्य निम्मं होतं. मॉसफेटचा रोधही तापल्यावर वाढतो, म्हणजे तो आणखी तापतो. एकाच खोलीत भट्टीवाला आणि आइस्क्रीमवाला ठेवले तर खोलीचं तापमान कुणाच्या सोयीने ठरवायचं?

कॅनडातल्याच ग्रिन टेक्नॉलॉजीजने हबमध्ये घालायला एक चुंबकीय द्रव विकायला सुरुवात केली. तो त्या फटीत चुंबकांनी धरून ठेवला जातो आणि उष्णतेला पूल मिळतो. युक्ती मस्त आहे, पण ती मुख्यतः गिअर नसलेल्या मोटरसाठी.

आणि आपला पाऊस. लोकांना वाटतं कंट्रोलर आत म्हणजे पाण्यापासून सुरक्षित. पण तापलेला हब अचानक पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि तारांच्या भोकातून ओल आत ओढली जाते. बाहेरची डबी ओली झाली तर उघडून पुसता येते, हबमधली ओल तिथेच फिरत बसते.

पण कंट्रोलर आत ठेवणं मुळातच चूक, असं मी अजिबात म्हणणार नाही. वर बघा. छतावरचा बीएलडीसी पंखा म्हणजे उलटी टांगलेली हब मोटरच: मधला स्टेटर स्थिर, बाहेरचं कवच पात्यांसकट फिरतं, आणि कंट्रोलरचं कार्ड पंख्यातच. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांच्या अॅटमबर्गने हा प्रकार घरोघरी नेला. तिथे तो चालतो कारण सगळा मामला ३० वॅटच्या आसपास आहे, पंखा स्वतःच स्वतःला वारा घालतो, आणि कार्ड गेलं तर मेकॅनिक स्टुलावर चढून नवं बसवून जातो.

म्हणून सायकलसाठी माझं मत असं. आपल्या नियमांत २५० वॅटपेक्षा कमी आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली सायकल मोटार वाहनात मोडत नाही. तेवढ्याच ताकदीची सायकल, सपाट शहर, रोजचे आठ-दहा किलोमीटर, असं असेल तर आतला कंट्रोलर बिनधास्त घ्या, पण आधी विक्रेत्याला विचारा की कार्ड सुटं मिळतं का, किंमत किती, आणि साइड कव्हर साध्या स्क्रूंनी उघडतं का. उत्तर देताना तो चाचरला तर पुढच्या दुकानात जा. बॅटरी दुसऱ्या कंपनीची चालेल का हेही विचारा. ती चालत नसेल तर तुम्ही सायकल विकत घेत नाही आहात, कंपनीच्या तब्येतीवर पैज लावताय. घाट चढायचा असेल, मागे मूल किंवा भाजीच्या पिशव्या असतील, किंवा मोटर ५०० वॅटच्या पुढची असेल तर कंट्रोलर बाहेरच ठेवा, फ्रेमवर, वारा लागेल असा. त्यातही बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंतची तार आखूड ठेवा, फेजची लांब झाली तरी चालेल. उलटं केलं तर कपॅसिटरवर ताण येतो.

आणि किट आधीच घेऊन झालं असेल, तर कोपनहेगन व्हीलसारखं अॅपशिवाय हलणारच नाही असं आहे का, ते आजच फोन बंद करून बघून घ्या.