फ्रेटलेस बेस ‘नंतर’ कशाला?

बेस गिटार शिकणाऱ्याने फ्रेटलेसचं, म्हणजे गळ्यावर फ्रेटच्या धातूच्या पट्ट्या नसलेल्या बेसचं, नाव काढलं की ठरलेलं उत्तर मिळतं: आधी फ्रेटच्या बेसवर चार-पाच वर्षं हात बसू दे, मग बघू. दुकानदार हेच सांगतात, शिकवणारे हेच सांगतात, बँडमधले मित्रही हेच सांगतात. हा पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. फ्रेट असले की बोट थोडं मागेपुढे पडलं तरी सूर जागेवर येतो; फ्रेटलेसवर बोट पडेल तिथला सूर वाजतो. नवशिका बेसूर होतो, त्या धास्तीने त्याचं तालावरचं लक्ष उडतं, आणि बेसवाल्याचं पहिलं काम तर ताल धरून ठेवणं. गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ साली आपल्या बेसला ‘प्रिसिजन’ हे नाव दिलं, तेसुद्धा फ्रेटमुळे सूर अचूक लागतो म्हणूनच.

यातलं प्रत्येक विधान मान्य करूनही निष्कर्ष मला मान्य नाही. चार वर्षं फ्रेटवर वाजवल्याने कान तयार होतो, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. पण सूर लावायचं काम तिथे धातूची पट्टी करते, त्यामुळे वादकाच्या कानाला ते करावंच लागत नाही. उलट एक सवय हाडीमाशी मुरते: बोट फ्रेटच्या किंचित मागे ठेवण्याची. फ्रेटलेसवर बोट नेमकं फ्रेटच्या जागेवरच पडावं लागतं. म्हणून फ्रेटवर मुरलेला वादक फ्रेटलेसवर आला की हमखास उतरलेला लागतो. आणि व्हायोलिन शिकायला आलेल्या आठ वर्षांच्या मुलाला ‘आधी मँडोलिन शिकून ये’ असं कोणी सांगत नाही, दोन्हींच्या तारा त्याच सुरांत मिळवलेल्या असूनही. सरोद शिकायच्या आधी सतारीची अटही कोणी घालत नाही.

‘फ्रेटलेस फार अवघड’ हे म्हणणं तर मोजपट्टी घेऊन तपासता येतं. नेहमीच्या बेसच्या तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर. मोकळ्या तारेपासून पहिला अर्धस्वर ४८ मिलिमीटरहून थोडा पुढे येतो. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात. या जागी बोट एक मिलिमीटर चुकलं तर सूर जेमतेम दोन सेंट ढळतो; वर बाराव्या जागेपाशी चार. व्हायोलिनची तार मात्र सव्वातीनशे मिलिमीटरच्या आसपास. तिथे सुरुवातीलाच तेवढ्या चुकीला पाच सेंटहून जास्त मोजावे लागतात. बोटांची जी चूक व्हायोलिनवर कणसूर होते, ती बेसवर पुष्कळदा खपून जाते. मुलं व्हायोलिन शिकतात, तर मोठ्या माणसाला बेसची भीती घालण्यात अर्थ नाही.

फ्रेटचा सूर ‘बरोबर’ असतो, हेही अर्धसत्य आहे. फ्रेटवरचा गांधार समान विभागणीचा, हार्मोनियमसारखाच. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा तो सुमारे १४ सेंट चढा. गायकामागे तानपुरा असेल तेव्हा फ्रेटलेसवाला तो गांधार खाली घेऊ शकतो. कीबोर्ड सोबत असेल तर त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं, हे मात्र खरं. पण दोन्हीकडे निर्णय कानानेच करायचा, आणि हे शिक्षण पुढे ढकलण्याला मला कारण दिसत नाही.

रियाजाची सोपी रीत सांगतो. ई तारेवर पाचव्या जागी बोट ठेवून निघणारा ए आणि शेजारची मोकळी ए तार एकदम वाजवा. सूर ढळलेला असेल तर आवाजात संथ लाटा उठतात. बोट केसभर सरकवत न्या. लाटा थांबल्या की जागा सापडली.

काही फ्रेटलेसच्या फिंगरबोर्डवर फ्रेटच्या जागा दाखवणाऱ्या रेषा असतात; काही जण त्यांना कुबड्या म्हणतात. फ्रेटलेस वाजवणाऱ्या जॅको पास्टोरियसचा १९६२ चा जॅझ बेस आठवा. फ्रेट काढून खाचा भरलेल्या, वरून बोटींना लावतात तसा इपॉक्सीचा थर, आणि त्या खाचांच्या रेषा स्पष्ट दिसणाऱ्या. १९७६ चा त्याचा पहिला अल्बम आणि तो ज्यात होता त्या वेदर रिपोर्ट बँडचा १९७७ चा ‘हेवी वेदर’ ऐकताना रेषांची तक्रार कोणाच्या मनात येत नाही. मात्र जॅकोचं अनुकरण म्हणून चांगल्या बेसचे फ्रेट उपटू नका. फ्रेट गेले की तारा लाकडापासून फार वर राहतात, नट घासून खाली आणावा लागतो, आणि हे काम बिघडलं तर नेकच बदलावी लागते.

स्लॅप हाच ज्याचा मुख्य बाज आहे, त्याने फ्रेटलेस घेऊ नये. तो कडक, धातूचा टणत्कार फ्रेटवर तार आपटल्याशिवाय येत नाही. बाकीच्यांनी पहिलाच बेस म्हणूनही खुशाल घ्यावा. रेषा असलेला घ्या, लाकूड झिजू नये म्हणून फ्लॅटवाउंड तारा चढवा. दुकानात प्रत्येक तारेचा बाराव्या जागेवरचा हार्मोनिक आणि त्याच जागी दाबलेला सूर ताडून पाहा. दोन्ही जुळत नसतील तर ब्रिजवरचे सॅडल सरकवून मिळवून द्यायला सांगा, आणि मगच पैसे द्या.