मसाला: वसुलीचा खर्च कोणाच्या माथी?

१/ हिंगणी. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले, बोर अभयारण्याच्या वाटेवरचे गाव. तेथील एका विद्यार्थ्याने मला त्याच्या महाविद्यालयाची सूचना दाखवली. थकीत शुल्क, त्यावर विलंब शुल्क आणि शेवटी एक ओळ: वसुलीसाठी येणारा खर्चही विद्यार्थ्याकडून घेतला जाईल. ‘दादा, हा नवा नियम कुठला?’ असे त्याने विचारले. नियम नवा नाही. आपल्या इतिहासात त्याला स्वतंत्र नाव आहे.

२/ ते नाव ‘मसाला’. स्वयंपाकघरातला नव्हे, दफ्तरातला. मराठेशाहीत थकबाकीदाराला तगादा लावण्यासाठी किंवा पक्षकाराला हजर करण्यासाठी सरकारातून प्यादा वा स्वार धाडीत. त्याच्या येण्याजाण्याचा मोबदला, तो ज्याच्या दारी जाई त्याच्याकडूनच घेतला जाई. हाच मसाला.

३/ तेवढ्याने भागले नाही, तर ‘मोहसल’ लागे. म्हणजे बाकीदाराच्या दारात माणूसच बसवला जाई आणि बाकी फिटेपर्यंत त्याचा भार त्या घरावर पडे. मूळ रक्कम ज्याच्यापाशी नाही, त्याच्यावर रोजचा एक नवा खर्च चढू लागे.

४/ या व्यवस्थेतली मेख येथेच आहे. माणूस पाठवणारा एक आणि खर्च सोसणारा दुसरा. ज्याच्या खिशाला झळ लागत नाही, त्याला खर्च आवरण्याचे कारणच उरत नाही.

५/ १८१८ मध्ये पेशवाई संपली. पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात खासगी ‘तकाज्या’चेही वर्णन आहे: ऋणकोला घराबाहेर पडू न देणे, जेवू न देणे, उन्हात बसवणे. वसुलीचा भार पैशाच्या रूपातच येई असे नाही. तो देहावरही येई.

६/ पुढे इंग्रजी न्यायालये आली. प्याद्याची जागा बेलिफाने घेतली. मुद्रांक, समन्स, वकील, जप्ती हा सारा दाव्याचा खर्च हुकूमनाम्यात हरणाऱ्याच्या नावे लिहिला जाऊ लागला. तारखेला गैरहजर राहणाऱ्या कुणब्याविरुद्ध निकाल एकतर्फी लागे. कर्जात व्याज मिळे, व्याजात खर्च मिळे.

७/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांतही पसरले. लक्षात घ्या, जमावाचा मुख्य रोख कर्जखतांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. कागद जळले, म्हणजे फुगलेला आकडाही जळाला!

८/ चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. न्यायालयाने केवळ खतावरचा आकडा न पाहता व्यवहाराचा आरंभापासून हिशेब तपासावा, ही त्यातली मोलाची तरतूद. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात धाडण्यावरही या कायद्याने बंधन आले.

९/ मर्यादेची ही कल्पना परकी नव्हती. हिंदू धर्मशास्त्रातला ‘दामदुप्पट’ नियम मुंबई उच्च न्यायालयानेही मान्य केला होता: एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. हा नियम व्याजापुरता होता. पण देणे खरे असले, तरी त्याच्या वाढीला कुठेतरी कुंपण हवे, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते.

१०/ आता वर्तमानाकडे वळू. अमेरिकेतील अनेक महाविद्यालये आरंभीच लिहून घेतात की थकबाकी वसुली संस्थेकडे गेल्यास तिचे कमिशनही विद्यार्थ्याने द्यावे. मोहसल दारातून उठून संमतीपत्रात जाऊन बसला, इतकेच. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ येथे आठवावे: करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी भरपाई वाजवी तेवढीच मिळते. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. तो आपोआप हक्क ठरत नाही.

११/ प्रमाणपत्रे अडवणे हाही तगाद्याचाच प्रकार. मूळ प्रमाणपत्रे संस्थांनी स्वतःकडे ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये बजावले आहे.

१२/ दुसरी बाजूही सांगायला हवी. शुल्क बुडाले तर महाविद्यालयाचे वेतन आणि वीजबिल थांबत नाही. देणे हे देणेच. परंतु हिंगणीच्या त्या मुलाची बाकी शिष्यवृत्ती उशिरा आल्यामुळे राहिली होती. उशीर एकाचा आणि मसाला दुसऱ्याला, हा न्याय कसला?

१३/ म्हणून अशी सूचना हाती आली की तीन प्रश्न लेखी विचारा. खर्च प्रत्यक्षात झाला आहे काय? त्याचा आकडा कोणी आणि कशावरून ठरवला? विलंब नेमका कोणामुळे झाला? सुप्याच्या शेतकऱ्यांना हिशेब मागण्याची वाट सापडली नाही, म्हणून त्यांनी कागद जाळले. आपल्याला ती वाट मोकळी आहे. कागद जपून ठेवा आणि हिशेब मागा.

(समाप्त)