दान नव्हे, देणे

धर्मादाय रुग्णालयातील मोफत खाट पाहिली की आपल्या ओठी सहजच ‘दान’ हा शब्द येतो. दिल्लीचे ज्येष्ठ विधिज्ञ अशोक अगरवाल यांनी गोरगरिबांच्या उपचारांसाठी दीर्घकाळ दिलेल्या न्यायालयीन लढ्याचा इतिहास वाचला, म्हणजे या शब्दाचा पुनर्विचार करावासा वाटतो.

४२व्या घटनादुरुस्तीने १९७६ साली गरिबास मोफत विधिसाहाय्य देण्याचे तत्त्व राज्यघटनेत आले. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्तावर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरविले. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात, जागेअभावी शासकीय रुग्णालयांनी उपचार नाकारणे हा जीविताच्या हक्काचा भंग होय, असे त्याच न्यायालयाने सांगितले. खासगी रुग्णालयांचा प्रश्न मात्र शिल्लक होता.

दिल्लीत अनेक संस्थांना रुग्णालयासाठी सरकारी जमीन सवलतीच्या दराने मिळाली होती. ठराविक प्रमाणात गरिबांवर मोफत उपचार करावेत, अशी अट कित्येक करारपत्रांत होती. कागद कपाटात राहिले आणि दारात उभ्या असलेल्या रुग्णाला त्यांचा पत्ताही नव्हता. न्यायमूर्ती कुरेशी समितीने १० टक्के खाटा व २५ टक्के बाह्यरुग्ण सेवा मोफत असावी, अशी शिफारस केली. ती अमलात यावी म्हणून अगरवाल यांच्या ‘सोशल ज्युरिस्ट’ या संस्थेने २००२ साली दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली.

२२ मार्च २००७ रोजी निकाल लागला. औषधांचा व साहित्याचा खर्च रुग्णाने सोसावा, असे रुग्णालयांचे म्हणणे होते. त्यांच्या दृष्टीने तो बोजा लहान नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. न्यायालयाने मात्र मोफत म्हणजे तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया यांसह सर्वस्वी मोफत, असा अर्थ लावला. व्यापाऱ्याला यातील मर्म चटकन उमगते. बाजारभाव आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत यांतील फरक हे समाजाने संस्थेत गुंतविलेले भांडवलच असते. ते खतावणीत संस्थेच्या नावे पडलेले आहे. मोफत उपचार ही त्याची परतफेड. देणे फेडणाऱ्याने त्यास दान म्हणू नये.

निकालाची प्रत हाती आली म्हणून अगरवाल थांबले नाहीत. अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीत त्यांनी काम केले आणि एकेका गरजू रुग्णाला खाट मिळावी म्हणून पाठपुरावा चालू ठेवला. २०१४ साली एका रिक्षाचालकाच्या बालकाचा खटला त्यांनी चालविला. गौशे या दुर्मिळ आजारावरील उपचार त्या कुटुंबाच्या सर्वस्वी आवाक्याबाहेरचे होते. न्यायमूर्ती मनमोहन यांनी ते उपचार मोफत व्हावेत असा आदेश दिला.

पुढे आणखी कठीण प्रश्न आला. करारपत्रात अटच नसेल तर काय? २०१२ साली केंद्राच्या भूमी विभागाने अशा रुग्णालयांनाही अट लागू केली. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. अखेर ९ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूलचंद खैरातीराम ट्रस्टच्या खटल्यात तो निर्णय फिरविला. सरकारी जमीन सवलतीत घेतली, तर गरिबांप्रतीचे कर्तव्यही तिच्याबरोबरच येते, हा त्या निकालाचा आशय. कागदावर नसलेले देणेही अशा रीतीने देणेच ठरले.

महाराष्ट्रानेही या वाटेवर पाऊल टाकले आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-अअ च्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २००६ रोजी योजना मंजूर केली. तीनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, अशी तरतूद झाली.

विश्वस्त या शब्दातच विश्वास आहे. वर्षअखेर ताळेबंद मांडताना रोख व मालमत्ता आपण काटेकोरपणे मोजतो. त्याच बैठकीत वर्षभरात किती खाटा गरिबांना मिळाल्या, किती रिकाम्या राहिल्या आणि ही सोय आहे हे दारातील फलकावर लिहिले आहे काय, याचाही हिशेब व्हावा. हक्काची खाट रिकामी राहते, कारण तिचा धनी आपला हक्क जाणत नाही. अगरवाल यांच्यासारखा वकील प्रत्येकाला लाभेल असे नाही. म्हणून ते सांगण्याचे काम विश्वस्तांनीच करावे, एवढीच नम्र विनंती.