‘आघात’ : देहावरील घावाकडून मनावरील घावाकडे

मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘ट्रॉमा’साठी ‘आघात’ हा शब्द आता स्थिरावला आहे. या दोन्ही शब्दांचा प्रवास आम्हांस विलक्षण सारखा वाटतो. ग्रीक ‘ट्रॉमा’ म्हणजे जखम, शस्त्राने झालेली, रक्त वाहणारी. ‘आघात’ हा संस्कृत ‘हन्’ या धातूपासून आलेला. घात, हत्या, विश्वासघात ही त्याचीच भावंडे. संस्कृतात ‘आघात’चा एक अर्थ वधस्थान असाही आहे. दोन्ही शब्दांत मनाचा मागमूस नव्हता.

मन त्यात शिरले ते आगगाडीमुळे. रेल्वे अपघातांतून वरवर धडधाकट सुटलेले प्रवासी पुढे झोप, स्मृती आणि धैर्य गमावू लागले. लंडनचे शल्यचिकित्सक एरिकसन यांनी १८६६ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले; कारण मात्र त्यांनी पाठीच्या कण्यात शोधले. नुकसानभरपाईचे दावे चालू होते, आणि न दिसणाऱ्या जखमेचे पैसे कोण देणार? पुढे पॅरिसमध्ये शार्को यांनी अशा विकारांचे मूळ मनातील धक्क्यात पाहिले. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९३ मध्ये तर स्मृतीलाच घाव मानले. पहिल्या महायुद्धातील ‘शेल शॉक’ने हा विषय घराघरांत नेला; तरी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आघातोत्तर तणावविकार दाखल व्हावयास १९८० साल उजाडावे लागले.

आमच्या बोलीत मात्र या दुखण्याला नाव नव्हते असे नाही. ‘धसका घेणे’ आहे, ‘हाय खाणे’ आहे. छातीत ‘धस्स’ होते तो क्षण, आणि तो मुक्कामाला राहतो तो धसका. एवढा नेमका भेद ‘आघात’ या शब्दात नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सीमाभागातील एका रुग्णालयात आम्ही एका आजींसोबत गेलो होतो. ‘पोरगं गेल्यापासून हाय खाल्लीया,’ त्या म्हणाल्या. कन्नडभाषक तरुण डॉक्टरांनी आस्थेने विचारले, काय खाल्ले, किती दिवसांपूर्वी? कागदावर पोटाची तक्रार नोंदली गेली. कन्नडमध्येही ‘आघात’ हा शब्द आहे, त्याच अर्थाने. तो उच्चारला असता तर डॉक्टरांना कळले असते. पण तो आजींना ठाऊक नव्हता. आम्ही तो सांगितला, तेव्हा डॉक्टरांनी पहिली ओळ खोडली आणि खुर्ची आजींच्या जवळ ओढली.