अंधार मोजणारा तरुण

शेवंती किंवा पॉइन्सेटिया घरात फुलवायची, तर रोज ठरावीक तास गडद अंधार द्यावा लागतो. शतकभरापूर्वी हे कोणाला ठाऊक होते?

जवळजवळ एकाला. पॅरिसमध्ये ज्यूलियन तुर्न्वाने हॉप आणि भांगेची रोपे रोज अगदी थोडाच वेळ उजेडात ठेवली. ती कोवळ्या वयातच फुलली. दिवस आखूड झाल्यापेक्षा रात्र लांबल्याने हे घडते, असे त्याने १९१४ मध्ये मांडले. मग महायुद्ध पेटले आणि त्यात तो मारला गेला.

१९१८ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनला गार्नर आणि अ‍ॅलर्ड वेगळ्याच अडचणीत होते. 'मेरीलँड मॅमथ' तंबाखू उन्हाळाभर माणसाहून उंच वाढे, पण फुलत नसे. मग बी कुठून मिळणार? त्यांनी रोपे दुपारी चारला अंधाऱ्या खोपटात ठेवली, सकाळी नऊला बाहेर काढली. भर उन्हाळ्यात तंबाखू फुलला! १९२० च्या निबंधात त्यांनी अशा झाडांना 'लघुदिवसी' म्हटले. हे नाव फसवे, तरी तेच रूढ झाले.

कारण १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी झॅन्थियम या तणाच्या लांब रात्रीत मध्येच थोडा वेळ दिवा लावला आणि फुलणे थांबले. दिवसा मध्येच अंधार केला, तर मात्र काहीच फरक पडला नाही. झाड रात्रच मोजत होते, तीही अखंड. शेवंतीच्या पॉलिहाउसमध्ये फुले लांबवण्यासाठी मध्यरात्री दिवे लावतात, ते याच कारणाने.