परवान्याच्या पुस्तकापासून डोंगलपर्यंत

बीडहून बालाघाट चढून वर आलं की मांजरसुंबा लागतं. धुळे–सोलापूर महामार्गाला इथे पाटोद्याचा आणि केजचा रस्ता मिळतो; कपिलधारला मन्मथ स्वामींच्या समाधीला जाणारे भाविकही इथूनच वळतात. अशा फाट्याच्या गावी सातबारा, दाखले, पीक विमा ही कामं संगणकावर येऊन टेकतात. नेमकी रांग लागलेली असताना बिनतारी माऊस अडला, की आधी सेल बदलतात, मग तो टेबलावर आपटतात. दोष कित्येकदा माऊसमध्ये नसतोच. तो रेडिओलहरींत असतो, आणि या लहरींना मोठा इतिहास आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९३३ साली बिनतारी यंत्रांचा कायदा झाला, तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि पुढे तो कायदा इथेही लागू झाला. घरात रेडिओ घेतला तरी पोस्टात वर्षाची फी भरून परवान्याचं पुस्तक सांभाळावं लागे.

आजचे बहुतेक बिनतारी माऊस ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, तो कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला जानेवारी २००५ मध्ये. संगणक शिकवणारा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम त्याआधीच सुरू झाला होता. त्या काळात गोळ्याचा माऊस अडला, तर गोळा काढून आतल्या रुळांवरचा मळ नखानं खरवडला की काम भागे.

लॉजिटेकनं रेडिओलहरींवरचा माऊस १९९१ मध्येच बाजारात आणला होता. पुढे २७ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या माऊसना मोजकीच चॅनेल असत. शेजारच्या टेबलावरचा माऊस आपला बाण हलवू शके. म्हणून रिसीव्हरवर आणि माऊसवर ‘कनेक्ट’चं बटण आलं. दोन्ही दाबली की त्यांची एकमेकांशी ओळख पटे.

आता ही ओळख कारखान्यातच करून देतात. त्यामुळे डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर, हरवला, की साधा माऊस मुका होतो. दुसऱ्याचा डोंगल त्याला चालत नाही. ब्लूटूथचं वेगळं: संगणकातली जुनी नोंद काढायची, दिवा लुकलुकेपर्यंत माऊसचं बटण दाबून धरायचं आणि पुन्हा जोडायचं. माऊसशिवाय हे करताना कीबोर्डची टॅब आणि एंटर कामी येतात.

बाण अडखळत असेल, तर आधी डोंगलची जागा पाहावी. यूएसबी ३.० च्या उपकरणांचा गोंगाट याच २.४ च्या पट्ट्यात पडतो, हे इंटेलनं २०१२ मध्ये दाखवून दिलं. डेस्कटॉपच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला, हार्ड डिस्कशेजारी खोचलेला डोंगल पुढच्या पोर्टमध्ये आणावा, नाहीतर हातभर एक्स्टेन्शन वायर लावून टेबलावर घ्यावा. आणि पीक विम्याच्या दिवसांत एक तारेचा माऊस ड्रॉवरमध्ये असू द्यावा. लांबून एसटीनं आलेल्या शेतकऱ्याला परतीची गाडी गाठायची असते.