दाढ, हास्यवायू आणि एक फसलेला प्रयोग

आज दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य हिरडीत भुलीचे इंजेक्शन देतात. दाढ ओढली जात आहे हे कळते, दुखत मात्र नाही. १८४० पर्यंत ही सोय नव्हती. रोग्याला धरून ठेवायचे आणि चिमट्याने दाढ उपटायची, एवढेच दंतवैद्याच्या हाती होते.

वास्तविक, वेदना कमी करणारा एक वायू तेव्हा माहीत होता. हंफ्री डेव्ही या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने नायट्रस ऑक्साइड स्वतः हुंगून पाहिला होता. अक्कलदाढ येताना सुजलेल्या हिरडीचे दुखणे त्यामुळे कमी होते, असा अनुभव त्याला आला. शस्त्रक्रियेत हा वायू उपयोगी पडू शकेल, असे त्याने १८०० साली पुस्तकात लिहिलेही. पण लोकांना आवडली ती या वायूने येणारी धुंदी. 'हास्यवायू' म्हणून त्याचे खेळ होऊ लागले.

१० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे असाच एक खेळ झाला. वायू हुंगलेल्या एका तरुणाच्या पायाला धडपडताना जखम झाली, पण त्याला पत्ताच नव्हता. प्रेक्षकांतील होरेस वेल्स या दंतवैद्याने हे हेरले. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतः वायू हुंगला आणि रिग्ज या दंतवैद्याकडून आपली दाढ काढून घेतली. वेदना जाणवली नाही. नंतर काही रोग्यांवरही त्याला यश आले.

जानेवारी १८४५ मध्ये वेल्सने बोस्टनमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक केले. वायूची पिशवी लवकर बाजूला केली गेली. दात काढताना रोगी ओरडला आणि वेल्सची टर उडाली. पुढच्याच वर्षी त्याचा जुना भागीदार मॉर्टन याने ईथर वापरून एका रोग्याचा दात काढला आणि १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्येच ईथरखाली शस्त्रक्रियाही यशस्वी झाली. खचलेल्या वेल्सने १८४८ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी आत्महत्या केली.

वेल्सचे नेमके काय चुकले? नायट्रस ऑक्साइड रक्तात फार कमी विरघळतो. म्हणून त्याचा परिणाम लवकर होतो आणि साधी हवा मिळताच लवकर ओसरतो. शिवाय तो सौम्य आहे. ईथर रक्तात बराच विरघळतो. वाफ हुंगणे थांबले तरी भूल काही वेळ टिकते. म्हणजे फसली होती ती मात्रा आणि वेळ, कल्पना नव्हे.

१८६३ पासून कोल्टनने (हार्टफर्डचा खेळ त्याचाच होता) दात काढण्यासाठी हा वायू पुन्हा वापरात आणला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने वेल्सच्या शोधाला मान्यता दिली. आजही हा वायू ऑक्सिजनमध्ये मिसळून दंतवैद्यकात वापरतात.

ही हकिगत वर्गात सांगताना बोस्टनच्या प्रसंगापाशी थांबावे आणि विद्यार्थ्यांना विचारावे: प्रेक्षकांत तुम्ही असता, तर हसण्याआधी वेल्सला कोणते प्रश्न विचारले असते?